कपाटामागची काळी बुरशी विषारी आहे, हे वासावरून कळतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की डोंबिवलीच्या घरात जुलैमध्ये बेडरूममधलं कपाट सरकवलं, तेव्हा मागच्या भिंतीवर हातभर रुंदीचा काळपट हिरवा थर दिसला. खोलीला दोन महिने कुबट वास येतच होता. चार वर्षांच्या मुलाचा रात्रीचा खोकला थांबत नाही. मग नेटवर 'टॉक्सिक ब्लॅक मोल्ड' वाचलंत आणि झोप उडाली. आता वासावरून आणि रंगावरून ही बुरशी विषारी की साधी, हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली बावीस वर्षं ठाणे, रायगड आणि रत्नागिरी भागातल्या घरांमधली गळती आणि ओल शोधण्याचं काम करतो. बुरशी विषारी आहे की नाही हे नुसत्या नाकाने किंवा डोळ्यांनी कुणालाही ओळखता येत नाही. मलाही येत नाही. पण घरात खोकणारं मूल आहे आणि भिंतीवर हातभर बुरशी आहे, म्हणजे ती काढायची हे ठरलंच. त्यासाठी तिची जात कळायला हवी असं नाही. नाकाचा आणि डोळ्यांचा खरा उपयोग पाणी शोधायला होतो: ते कुठून येतंय, केव्हापासून येतंय आणि अजून येतंय का. त्या कामाला मी माझ्या मशीनपेक्षाही आधी नाक वापरतो.

आधी 'विषारी' या शब्दाचं बघू, कारण सगळी भीती त्यात आहे. जिला ब्लॅक मोल्ड म्हणतात ती स्टॅकीबॉट्रिस चार्टारम. १८३७ साली कोर्डा नावाच्या संशोधकाने प्राग शहरातल्या एका घराच्या वॉलपेपरवर ती पाहून तिची नोंद केली. तिचं नाव जगभर झालं ते अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमुळे. तिथे १९९३-९४ मध्ये काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि संशय घरातल्या या बुरशीवर गेला. पुढे २००० साली तिथल्याच सीडीसी या सरकारी संस्थेने तो अभ्यास पुन्हा तपासला आणि बुरशीशी असलेला संबंध सिद्ध होत नाही असं जाहीर केलं. पहिली बातमी घरोघरी पोचली, दुसरी फारशी पोचली नाही.

ही बुरशी विषारी द्रव्यं तयार करू शकते, हे खरं आहे. पण तीच बुरशी एका भिंतीवर ती तयार करते आणि दुसरीवर करत नाही. शिवाय ती द्रव्यं हवेत उडून जाणारी नाहीत, त्यामुळे त्यांना वासच नाही. तुम्हाला येतो तो वास बुरशी वाढताना सोडते त्या वेगळ्या वायूंचा असतो, आणि ते वायू अगदी साध्या बुरशीतूनही निघतात. म्हणून भपकारा येतोय म्हणजे विष जास्त, असं नाही. आणि वास गेला म्हणजे धोका गेला, असंही नाही. वाळलेल्या बुरशीला वास जवळजवळ नसतो, पण तिची भुकटी झाडूने उडाली तर ती श्वासातून आत जाते.

बुरशीच्या विषाने माणसं दगावल्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण भिंतीवरचं नाही, धान्यातलं आहे. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभरच्या आसपास लोक गेले. ते विष होतं ॲफ्लाटॉक्सिन, पिवळट हिरव्या ॲस्परजिलस फ्लेवस बुरशीचं. म्हणून खवट, बुरसट शेंगदाणे निवडून उरलेले कुटात घालू नका, सगळेच टाका. ताई, हे विषयांतर वाटेल, पण पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांकडेही तेवढंच लक्ष हवं.

दुसरी भीती आपल्या इथली. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द प्रत्येक घरात पोचला. तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. त्यातला काळा रंग बुरशीचा नव्हता, रक्तपुरवठा तुटून मेलेल्या पेशींचा होता. तो आजार अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडच्या उपचारांमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांना जडला. तुमच्या कपाटामागचा काळा थर म्हणजे तो आजार नव्हे. तुमच्या सासूबाईंना हे जरूर सांगा, त्या त्याच कारणाने घाबरल्यात असं तुम्ही लिहिलंय.

मग भिंतीवरच्या बुरशीचा त्रास होतच नाही का? होतो, आणि चांगलाच होतो. दमा बळावतो, सर्दी-खोकला मुक्कामाला येतो, ॲलर्जी जडते, काहींच्या फुप्फुसांना सूज येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत बुरशीचा कुठलाही 'सुरक्षित आकडा' दिलेला नाही, ओल आणि बुरशी घरात राहू देऊ नका एवढंच म्हटलंय. त्यात काळी, हिरवी, पांढरी असा भेद नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे २०२० साली एका दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि तो घरातल्या बुरशीमुळेच झाला असं चौकशीत ठरलं. त्यानंतर तिथे घरमालक संस्थांवर दुरुस्तीची मुदत घालणारा कायदा आला. त्या घरात बुरशी होती आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहू दिली होती.

आता नाकाचं काम. घरात राहणाऱ्याचं नाक पाच-दहा मिनिटांत त्या वासाला सरावतं, म्हणून 'आम्हाला तर काही येत नाही' या वाक्यावर मी कधीच विसंबत नाही. खोली रात्रभर बंद ठेवा. पंखा, एसी, अगरबत्ती, सगळं बंद. सकाळी घराबाहेर दहा-पंधरा मिनिटं फिरून या आणि दार उघडल्याबरोबरचे पहिले चार-पाच श्वास लक्ष देऊन घ्या. मग खाली वाका, कारण छातीच्या उंचीवर सगळे वास मिसळलेले असतात. स्कर्टिंगजवळ, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, सिंकखालच्या ट्रॉलीत, गादीच्या भिंतीकडच्या कडेला नाक न्या. बुरशी दिसत असेल तिथे मात्र नाक लावून हुंगायचं नाही.

पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर तो जिओस्मिन या द्रव्याचा. मातीतले जिवाणू ते तयार करतात, काही बुरश्याही करतात. बिटाला जो मातकट वास असतो तोही हाच. आपलं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे, एक लाख कोटी भाग पाण्यात पाच-दहा भाग असले तरी कळतं. हा वास तळमजल्याच्या घरात किंवा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत आला, तर फरशीखाली पाणी मुरतंय असा माझा पहिला अंदाज असतो. चिरलेल्या अळंबीसारखा वास येत असेल तर लाकूड किंवा प्लायवुड आतून ओलं आहे असं समजून शोधतो. भिजलेला पुठ्ठा, ओलं गोणपाट किंवा कुजलेला पालापाचोळा आठवावा असा जड वास असेल तर कागद, एमडीएफ (लाकडाच्या लगद्याची दाबलेली फळी), जिप्सम बोर्ड अशा वस्तू बरेच दिवस भिजलेल्या असतात. स्टॅकीबॉट्रिसला हव्या असतात त्या वस्तू याच. पण वास तिचाच, असं त्यावरून म्हणता येत नाही.

काही वास बुरशीचे नसतातच. एसी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं घामट मोज्यांसारखा वास येतो तो कॉइलवरच्या चिकट थराचा, त्यात बहुतेक जिवाणू असतात. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलंय का ते बघा, बादलीभर पाणी ओतलं की जातो. आणि स्विचबोर्डाजवळ मासळीसारखा वास आला तर बुरशी शोधत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. तापलेल्या प्लास्टिकच्या जोडणीचा तो वास असतो.

वास कधी वाढतो हेही टिपून ठेवा. पाऊस पडल्यावर दोन-चार तासांनी वाढला तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. वरच्यांच्या अंघोळीच्या वेळेनंतर वाढला तर वरचं बाथरूम. पाऊस असो नसो, पहाटे जास्त येत असेल तर खोलीतलीच दमट हवा गार भिंतीवर घाम धरते. तुम्ही 'सकाळी जास्त' असं लिहिलंय, ते मला महत्त्वाचं वाटतं.

आता डोळ्यांचं काम. रंगापेक्षा डागाचा आकार जास्त बोलतो. तपकिरी कडा असलेली वर्तुळं, एकात एक, नकाशासारखी दिसली तर वरून पाणी येऊन वाळलंय आणि पुन्हा आलंय. स्कर्टिंगपासून दोन-तीन फुटांपर्यंतचा सलग पट्टा, वरची कड नागमोडी, असेल तर पाणी खालून चढतंय. तुळई आणि वीटकामाच्या सांध्यावर आडवी रेघ असेल तर बाहेरून भेग आहे. मिरपूड शिंपडल्यासारखे सुटे गोल ठिपके छताच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे असतील तर बहुतेक वेळा घामच.

रंगावरून फक्त कच्चा अंदाज बांधता येतो. ऑलिव्ह-काळे ठिपके बहुतेकदा क्लॅडोस्पोरियमचे असतात, आपल्याकडच्या खिडक्यांवर आणि छतांवर सगळ्यात जास्त हीच दिसते. शिळ्या पावावर किंवा लिंबावर येते तशी निळसर हिरवी, पिठूळ दिसली तर पेनिसिलियम. काजळीच्या भुकटीसारखी काळी, टेकवलेल्या टाचणीच्या डोक्यांसारखी दिसली तर ॲस्परजिलस नायगर असू शकते. स्टॅकीबॉट्रिस ओली असताना हिरवट काळी आणि बुळबुळीत दिसते, वाळली की काजळीसारखी. तिला आठवडाभर तरी सतत भिजलेली जागा लागते, आणि खायला कागद, पुठ्ठा, गवत असं काहीतरी. अमेरिकेतल्या घरांच्या भिंती कागदी पापुद्रा असलेल्या जिप्सम बोर्डाच्या असतात, म्हणून तिथे ती इतकी सापडते. आपल्याकडे वीट आणि सिमेंटचा गिलावा. त्यावर तिला खायला काही नसतं, बाकीच्या बुरश्या पुट्टी, रंग आणि धूळ यांवर वाढतात. म्हणून तुमच्या भिंतीपेक्षा मला तुमच्या कपाटाच्या मागच्या एमडीएफच्या पातळ फळीची काळजी जास्त आहे. फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या वरच्या अंगाचीही.

बाथरूममधला गुलाबी चिकट थर जिवाणूंचा. बाहेरच्या भिंतीवरचं हिरवं म्हणजे शेवाळ, त्याला उजेड लागतो, म्हणून कपाटामागे ते होत नाही. देवघरावरच्या भिंतीचा काळेपणा बहुतेकदा धुपाचा आणि निरांजनाचा. शंका असेल तर कापसाच्या बोळ्याने ब्लीचचं पातळ पाणी एका ठिपक्यावर टेकवा: एक-दोन मिनिटांत फिकट झाला तर बुरशी, तसाच राहिला तर काजळी किंवा मळ.

एका फरकाबद्दल मात्र थांबून सांगतो, कारण त्यात माझ्या हातून चूक झाली आहे. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती. ठाण्यातल्या एका घरात माळ्याखालच्या भिंतीवर पांढरी लव होती. मी लांबूनच बघून म्हणालो, 'लोणा आहे, खार फुटलाय, खरवडून रंग मारा.' त्यांनी भरवशाने तेच केलं, कोरडंच खरवडलं, खोलीत दम्याच्या आजी होत्या. दोन दिवसांनी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. ती पांढरी बुरशी होती. आजी बऱ्या झाल्या, पण तेव्हापासून मी पांढरा डाग हात लावल्याशिवाय, ओला केल्याशिवाय ओळखत नाही. खारावर पाणी फवारलं की तो विरघळतो, चिमटीत घेतला तर खडीसाखरेसारखा कुरकुरतो. बुरशीवर पाणी फवारलं की ती चोपते, विरघळत नाही. आणि बुरशी पांढरीही असते, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं. 'काळी नाही म्हणजे चिंता नाही' असं म्हणून अनेक घरांनी दोन-दोन पावसाळे घालवलेले मी पाहिलेत.

आता तुमची भिंत. तुम्ही सांगितलंय की पलीकडे मोठ्यांची बेडरूम आहे आणि तिथे रात्रभर एसी वीस अंशांवर असतो. बाहेर पावसाळी हवा, तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता धरली, तर सव्वीस अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटतं. तुमच्या बाजूची भिंत एसीमुळे तितकी गार होत असणार. त्यावर कपाट टेकलेलं, मागे वारा नाही, वास पहाटे जास्त, थर ठिपक्याठिपक्यांनी सुरू झालेला. सगळं घामाकडे बोट दाखवतंय. पण खात्री करा. जिथे बुरशी नाही अशा शेजारच्या जागी दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर घाम. भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीत मुरलंय, मग बाथरूमची लाइन आणि बाहेरची भिंत तपासावी लागेल. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ काहीशे रुपयांत मिळतं, ते त्या खोलीत ठेवा. साठ टक्क्यांच्या खाली राहिलं तर बुरशी फारशी वाढत नाही.

प्रयोगशाळेची तपासणी करू का, असंही विचारलंयत. माझं मत, नको. बुरशी उगवते का ते बघायला घरात उघडून ठेवतात त्या बश्या पुण्यात ठेवा नाहीतर लंडनमध्ये, त्यांत काहीतरी उगवतंच, कारण बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. डॉक्टरांनी मुलासाठी मुद्दाम मागितली तर गोष्ट वेगळी. नाहीतर ते पैसे नव्या फळीला लागतील.

काढण्याआधी मुलाला दिवसभरासाठी दुसरीकडे पाठवा, काम तुमच्याऐवजी ज्याला दमा-ॲलर्जी नाही त्याने करावं. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. पंखा बंद, दार बंद, खिडकी उघडी. कोरडं खरवडायचं नाही, झाडू लावायचा नाही. आधी पाणी फवारून थर ओला करा, मग साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा, फडकी पिशवीत बांधून टाका. पुट्टी मऊ झाली असेल तर ओली असतानाच पत्र्याने काढा. ब्लीच वापरायचंच असेल तर एकटंच. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. कपाटाची मागची फळी फुगली असेल तर ती पुसत बसू नका, टाकून द्या. डांबरगोळ्या आणि कापूर वास झाकतात, आणि वास झाकला की पाणी शोधायचं साधनच जातं.

रंगाची घाई करू नका, ही माझी कळकळीची विनंती. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर मी चिपळूणमधल्या बऱ्याच घरांत गेलो. चिखल धुऊन झाला आणि लोकांनी गणपतीच्या आत भिंती रंगवल्या. कुणाला दोष द्यावा? वर्षाचा सण, घर उजळ दिसायला हवं. पण विटांनी धरलेलं पाणी सुटायला साधारण इंचाला एक महिना धरावा लागतो. ऑइलपेंट मारलेल्या घरांत दिवाळीपर्यंत रंगाचे फुगे आले आणि त्यांच्या आत तोच काळा थर. ज्यांनी उघडा गिलावा ठेवून खोल्या वाऱ्यावर सोडल्या, त्यांच्या भिंती पुढच्या उन्हाळ्यात एका हातात रंगल्या. तुमची भिंत घामाने भिजत असेल तर दहा-पंधरा दिवसांत वाळेल, मुरलेलं पाणी असेल तर आधी ते थांबवायला हवं.

कपाट परत लावताना भिंतीपासून चार बोटं लांब, खाली पाय असलेलं. पलीकडचा एसी पंचवीस-सव्वीसवर, पंख्यासोबत. प्लास्टिकचे थेंब भिंतीच्या बाजूला निघाले तर सोसायटीला लेखी कळवा: पावसाचं पाणी बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून किंवा सामायिक पाइपमधून येत असेल तर दुरुस्ती सोसायटीकडे येते, वरच्या घराच्या नहाणीतून येत असेल तर त्या सभासदाकडे. फोटोवर तारीख असू द्या.

मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे या आठवड्यातच न्या, भिंतीचं काम होईपर्यंत थांबू नका. जाताना त्या भिंतीचा फोटो दाखवा आणि खोकला दुसऱ्या खोलीत झोपल्यावर कमी होतो का, हे आजपासून तीन-चार रात्री बघून सांगा. डॉक्टरांना तेवढ्या माहितीचा फार उपयोग होतो. प्लास्टिक काढल्यावर थेंब कुठल्या बाजूला होते, ते मला कळवा. पुढचं त्यावर सांगतो.